घोट मोजता मोजता

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम पाणी मोजायचं. काचेच्या बाटलीत ८०० मिली. चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला, आमटीची वाटी दिली की तेवढं तुळशीला. गोळ्यांबरोबरचा घोट बाटलीतलाच. बर्फाचा खडा चोखला तरी तो हिशोबात धरायचा. रात्री बाटली रिकामी झाली की दिवस संपला, मग तहान लागो न लागो. आमच्या घरात गेलं दीड वर्ष सगळ्यात टवटवीत कोण असेल तर ती तुळस.

गंमत म्हणजे माझ्या यजमानांनी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाणीच मोजलं. पर्जन्यमापकातलं, कालव्यातलं, धरणातलं. कोयना १०५ टीएमसीची, आणि एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पोह्यांबरोबर ऐकावं लागायचं. दोन्ही किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं, तेव्हा हे बाटलीकडं बघत म्हणाले, "आयुष्यभर क्युसेकनं सोडलं. आता झाकणानं प्यायचं."

हसले ते. मला हसू आलं नाही.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी, चार तास. साताऱ्यातल्या शाहूपुरीहून साडेसहाला रिक्षा. आत गेल्यावर वजन, मग हातातल्या फिस्टुलात, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागी, दोन सुया, मग मशीन सुरू. नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा. दवाखान्याच्या मागच्या आवारात एक पिंपळ, शेजारी अर्धा वाळलेला गुलमोहर, सिमेंटचा बाक, आणि कुंपणाच्या भिंतीवरून दिसणारा अजिंक्यतारा. त्या बाकावर मी पहिले तीन महिने मान खाली घालून बसले. हातात मोबाइल. 'पॉझिटिव्ह राहा' असं रोज कुणीतरी गुलाबाच्या फुलावर लिहून पाठवायचं. मला त्या गुलाबाचाच राग यायला लागला होता. छातीत धडधडायचं, हातापायांना मुंग्या. एकदा सिस्टरनं सहज माझंच बीपी बघितलं तर वरचं १७०. म्हणाली, "काकू, तुम्हालाही खाट देऊ का?"

हायकू माझ्या आयुष्यात आला तो डास मारायचं साधन म्हणून. बाकावर कुणीतरी जुना दिवाळी अंक टाकून गेलं होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, वर्ष कळायला मार्ग नाही. मी त्याची गुंडाळी करून डास हाकलायची. मोबाइलची बॅटरी संपली त्या दिवशी गुंडाळी उलगडली, तर आत चार पानं हायकूवर. जपानी कविता, तीनच ओळी, पाच-सात-पाच अशी मोजणी, त्यात ऋतू सांगणारा एक शब्द हवा. मराठीत तो शिरीष पैंनी रुजवला. आपल्याकडं अक्षरांचा हिशोब तेवढा काटेकोर पाळत नाहीत, बरेचदा दोन ओळींचं यमक साधतात. एवढं वाचलं आणि वाटलं, हे आपल्याला जमेल. मी पोस्टाची आरडी एजंट. कविता शाळेनंतर केलेली नाही. पण मोजून लिहायची सवय होती, आणि पर्समध्ये कोऱ्या पाठीच्या पावत्या ढीगभर.

पहिला प्रयत्न असा:

जीवन हे असे
पिंपळाचे गळते पान
कोण कुणाला पुसे

डोळ्यांत पाणी आलं माझ्याच. परतताना रिक्षात ह्यांना वाचून दाखवला. सुया काढल्यानंतर माणूस गळून गेलेला असतो, तरी डोळे मिटूनच विचारलं, "पान पडलं कुठं?"

"म्हणजे?"

"जमिनीवर, बाकावर, तुझ्या डोक्यावर? किती वाजता? वारा होता का?"

मला राग आला. पण पान कुठं पडलं ते मला सांगता येईना, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. माघ संपत आला होता, पिंपळ गळत असणारच, म्हणून लिहून टाकलं होतं.

पुढच्या पाळीला ठरवून बघत बसले. मोबाइल पर्समध्ये, पर्स मांडीखाली. पहिली दहा मिनिटं भयंकर गेली. बघायला गेलं की डोकं दुसरीकडंच पळतं: पोटॅशियमचा रिपोर्ट, रिक्षाचे पैसे, मुलीचा फोन आला नाही. मग पान पडलं. सरळ खाली येत नाही ते. देठ जड, त्यामुळं भोवऱ्यासारखं फिरत येतं आणि शेवटच्या हातभर अंतरात एकदम बाजूला सटकतं. एक माझ्या शेजारी बाकावर पडलं. आवाज झाला, वाळक्या पापडासारखा. लिहिलं:

पिंपळाचं पान
बाकावर माझ्याआधीच
बसलेलं छान

ह्यांनी ऐकलं. "'छान' कशाला आलंय?"

"यमकाला."

"मग त्याला घरी पाठव."

तेव्हापासून यमक सुटलं. ज्यांना साधतं त्यांनी जरूर साधावं; माझ्या हातून यमकाच्या मागं खोटं बोललं जायचं. 'छान', 'भान', 'रान' ही मंडळी रांगेत उभीच असायची.

हळूहळू एक रीत बसली. सात ते साडेसात काही लिहायचं नाही. आधी आवाज: रिक्षा, जनरेटर, कावळा, मग त्यांच्या मागचे बारीक. मग डोळे एका जागी ठेवायचे. सगळं झाड नाही, एक फांदी. साडेसातनंतर एखादी ओळ आली तर पावतीच्या पाठीवर. एका पाळीला एकच हायकू, जास्त नाही. आणि पाहिलं नसेल ते लिहायचं नाही. हा शेवटचा नियम अर्थातच माझ्या संपादकांचा. वर्षानुवर्षं नोंदवही लिहिलेला माणूस. अंदाजे आकडा टाकणाऱ्यावर त्यांचा भारी राग.

फाल्गुनात गुलमोहराच्या वाळक्या फांदीवर तांबटाची जोडी आली. हा पक्षी मी जन्मभर ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. बघायला गेलं तर मुठीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिकली, आणि ओरडताना गळा फुगवून मान फिरवतो, त्यामुळं आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. दोघं आळीपाळीनं फांदीच्या खालच्या बाजूला भोक पाडत होते. भुसा बाकावर पडायचा. मी तो झाडून बसायची.

वाळक्या फांदीत भोक
तांबट आत
शेपूट बाहेर

"हा चालेल," हे म्हणाले. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या आमटीला सुद्धा असा शेरा मिळाला नव्हता.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. दिवसाला किती वेळ आत असतो? दुसरा आल्याशिवाय पहिला बाहेर पडतो का? आत झोपून छताचा पंखा बघणाऱ्या माणसाला बाहेरची बातमी लागायची. मी नोंदी आणायची. अंडी उबवताना दोघं पाळ्या लावतात असं दिसलं. एक आला की दुसरा भुर्रकन. "आमच्या सिस्टरांसारखं," हे म्हणाले. त्या दिवसांत माझी धडधड थांबली होती का? नाही. पण ती चालू असताना मला दुसरंही काही करता येत होतं, एवढा फरक पडला.

चैत्रात मात्र घात झाला. उकाडा मी म्हणत होता. एका रात्री जाग आली तर स्वयंपाकघरात माठाजवळ फुलपात्र उपडं, खाली ओल. किती प्याले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, काट्यानं सांगितलं. दोन पाळ्यांच्या मधे दोन किलोच्या आत वाढायचं वजन तीन किलो आठशे वाढलेलं. आडवं झालं की श्वास लागत होता, फुप्फुसांत पाणी. पाच दिवस वॉर्डात काढले. तिसऱ्या दिवशी जरा बोलते झाल्यावर म्हणाले, "विसर्ग सांगून करायला हवा होता." मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. त्या पाच दिवसांत एकही ओळ लिहिली नाही. सुचली नाही असं म्हणणंही खोटं. आठवणच झाली नाही की असं काही असतं.

पुन्हा बाकावर आले तेव्हा गुलमोहराची फांदी नव्हती. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या उतरवतात, तशी उतरवली होती. ज्यानं कापली त्याला भोक दिसलंही नसेल. आदल्या आठवड्यात पिल्लू डोकं बाहेर काढून बसायचं, ते मी पाहिलं होतं. मधल्या पाच-सहा दिवसांत ती उडाली की फांदीबरोबर गेली, कोण सांगणार? मनानं लगेच दोन्ही गोष्टी रचल्या. एक उडण्याची, एक न उडण्याची. दुसरीच जास्त ठळक. दोन तास मी त्या दोन गोष्टींमध्ये येरझाऱ्या घालत होते, आणि मग लक्षात आलं की रोज रात्री अंथरुणावर मी हेच करते. पिल्लांच्या जागी फक्त माणसं असतात. पावती काढली.

कापलेली फांदी
खोडावर ओला
गोल डाग

एवढंच दिसत होतं. एवढंच लिहिलं. ह्यांनी कागद हातात घेऊन वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

दरम्यान नगरवाचनालयातून मी हायकूवरचं जे मिळेल ते आणत होते. बाशो, इस्सा ही नावं कळली, पण मन बसलं ते मासाओका शिकीवर. आधुनिक काळात हायकू ह्या प्रकाराला नवं रूप देणारा हा माणूस. जन्म १८६७, मणक्याच्या क्षयानं १९०२ मध्ये गेला, चौतिशीत. शेवटची काही वर्षं अंथरुणात. तिथून जेवढी बाग दिसे तेवढ्यावर लिहायचा, आणि डोळ्यांपुढचं जसंच्या तसं रेखाटा हा त्याचा आग्रह. त्याचे अगदी शेवटचे हायकू घोसाळ्याच्या वेलावर आहेत. त्या वेलाचं पाणी तिकडं कफावर औषध म्हणून घेत. घोसाळं! आमच्या परसात दर पावसाळ्यात चढतं, आणि मी त्याची भजी सोडून दुसरा विचार कधी केला नाही. ह्यांना वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न, "वेलातनं पाणी किती मिली निघतं?"

ऋतूच्या शब्दांवरून आमची थोडी वादावादी झाली. जपानी लोक ऋतुवाचक शब्दांचे कोशच करतात असं मी सांगितलं. हे म्हणाले, "त्यात काय, आपलं पंचांग काय आहे मग?" आणि खरंच की. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मृगाचा वेगळा, हस्ताचा वेगळा. हत्ती गडगडत येतो. नुसतं 'आर्द्रा' म्हटलं की चिखल, पेरणी, कपडे न वाळल्याचा कुबट वास, सगळं आलं. तीन ओळींत जागा कमी, तिथं असा शब्द म्हणजे आयता साठा. तरण्या पावसावर मी चार-पाच हायकू केले, पण ते नुसतेच ठीक झाले. सातारचा पाऊस आहेच तसा: दिवसदिवस भुरभुर, अजिंक्यतारा गायब, बाक ओला, आणि मी छत्रीखाली उभी. कंटाळा हाच त्यातला मुख्य अनुभव, आणि कंटाळ्यावर लिहायला माझ्यापेक्षा थोर माणूस पाहिजे.

मृगाचा मात्र पहिल्याच सरीत आला. जूनमधला शुक्रवार, पाळी संपलेली, आम्ही रिक्षाची वाट बघत पोर्चमध्ये. धूळ उडाली, वास आला आणि टपोरे थेंब. हे पोर्चमधून दोन पावलं पुढं गेले आणि सुयांचा नसलेला हात पुढं करून उभे राहिले. तळहाताची ओंजळ झाली. मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते नुसते बघत होते, पाणी कसं साठतंय ते. भरलं तसं बोटं सैल केली आणि सोडून दिलं.

मृगाची पहिली सर
घोट मोजणाऱ्या माणसाच्या
तळहातावर

यमक आपोआप पडलं. ठेवलं.

फिस्टुला नीट चालू आहे की नाही, ते रोज हात लावून बघायचं असतं. मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडलेली, तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली तर तडक दवाखाना. पहिल्या वर्षी मी रात्री चार-चार वेळा उठून बघायची, चोरासारखी. आता एकदा बघते. फरक इतकाच की पूर्वी मी 'आहे ना, आहे ना' एवढंच विचारत बोट ठेवायची; एका रात्री ती थरथर कशी आहे ते बघत बसले. मशीनसारखी नाही. नाडीसारखी तुटक नाही. भोपळ्याच्या फुलात शिरलेला भुंगा बाहेरून हाताला लागतो ना, तशी. पावती शोधायला दिवा लावला आणि हे जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही. भुंगा."

"झोप मग."

नवरात्राच्या सुमारास चार नंबरच्या खाटेवरचे कोरेगावचे मास्तर आले नाहीत. सोमवारी आले नाहीत, बुधवारीही. शुक्रवारी त्या खाटेवर दुसरा एक कोवळा मुलगा होता. तिथं कुणी कुणाला विचारत नाही. खाटेकडं बघतात आणि कळतं. मास्तर मला 'कवयित्रीबाई' म्हणायचे, थोडं चिडवत. त्याच सकाळी आवारात, नळाच्या पाण्यावर धोबी पक्षी उतरला होता. हिवाळ्याचा पाहुणा, शेपटी खालीवर आपटत चालणारा. गेल्या मोसमात तोच येत असेलही, मी तेव्हा मोबाइल बघत होते.

चार नंबरची खाट
चादर बदललेली
धोबी आला परत

लिहून झाल्यावर शब्दातला श्लेष दिसला आणि मी चरकले. कुणाच्या मरणावर कोटी केल्यासारखं होतंय का? दोन दिवस ती पावती पर्समध्ये तशीच. ह्यांना विचारलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाहिलंस ना दोन्ही? त्याच दिवशी?"

"हो."

"मग असू दे. मास्तरांना आवडलं असतं."

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाई आता शांत झाल्या. झाले नाही. मागच्या महिन्यात मशीनवर असतानाच ह्यांचं बीपी पडलं, पायांत गोळे आले, आतून माझ्या नावानं हाक आली, तेव्हा मी पिंपळ-बिंपळ सगळं विसरून चपला तिथंच टाकून धावले. तासाभरानं परत आले तर एका चपलेवर मुंगळे. हसू आलं, एवढं खरं. ते आधी आलं नसतं. मुलगी म्हणते, 'आई, तू ह्याचं पुस्तक कर.' मी नाही म्हणते. पावत्या सव्वाशेच्या आसपास झाल्यात, रबर लावून पोस्टाच्या पिशवीत आहेत. त्यात बरे म्हणावेत असे पंधरा असतील. ह्यांच्या मते अकरा.

परवाचं सांगते. वैशाख, सोमवार. पिंपळाला नवी पालवी येऊन जून व्हायला लागलीय, तांबट नाही, डोंगरावर वणव्याचा काळा पट्टा. म्हणजे माझ्याकडं त्या दिवशी काही नव्हतं. पाळी संपली. सुया काढल्यावर कापूस दाबून धरावा लागतो, ते काम माझं. अंगठ्यानं दाबून उभी होते, तेवढ्यात हे म्हणाले, "लिहून घे."

"हात कुठं मोकळाय?"

"मग ध्यानात ठेव. सकाळी आठ वाजता. पर्जन्यमापकात. एक मुंगी."

मी थांबले, पुढचं येईल म्हणून. पुढं काही नव्हतं.

"झाल्या तीन ओळी," ते म्हणाले.

"कुठली ही?"

"नोकरी लागली त्या वर्षीची. हेळवाकला. असाच वैशाख. पाऊस कसला, पण आठला जाऊन नळी बघायचीच. नोंद शून्यच होती."

"मग मुंगी?"

"ती नोंदीत येत नाही."

"काय केलंत तिचं?"

"गवताची काडी घातली आत. चढून आली वर. मग लिहिलं, शून्य."

अंगठा उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. चिकटपट्टी लावली, हे काट्यावर उभे राहिले. साडेएकसष्ट.